समुद्रातला वरंबा

ताजी भाकरी दुमडली की तिची घडी होते. शिळी दुमडली की ती उलते. त्या सकाळी दयाच्या डोक्यात एवढंच काय ते शिल्लक होतं. पुण्यात दोन वर्षं घोकून एम.एस्सी.ला शिकलेलं बाकी सगळं लेकीच्या, सुवार्ताच्या, रडण्यात धुऊन निघाल्यासारखं झालं होतं.

वातीच्या स्टोव्हपुढे उभी राहून ती कालची भाकरी दोन बोटांवर हळूहळू वाकवत होती. वरच्या अंगाला बारीक भेगा पडल्या, एकीशेजारी एक, वाकाच्या रेषेला धरूनच. खालचं अंग मात्र शाबूत.

"खाती का खेळती गं?" सासूबाई मागून म्हणाल्या.

"बघत होते, आई. समुद्राचा तळ खाली बुडताना असाच उलतो."

"समुद्राचं समुद्र बघून घेईल. अंगावर पाजतीस, दोन घास पोटात ढकल आधी."

सासूबाई, कृपाबाई भिंगारदिवे, नगरच्या मिशन दवाखान्यात आयुष्यभर आया होत्या. लेकरू कसं धरावं, कसं थोपटावं, ढेकर कशी काढावी, यात त्यांना कोणी काही शिकवायला जात नसे. पण ही नात आठ महिन्यांची झाली तरी आईच्या दुधाशिवाय कशालाच तोंड लावत नव्हती, आणि इथे त्यांची सगळी आयागिरी हात टेकून बसली होती. बाटली झाली, वाटी-चमचा झाला, नाचणीचं सत्त्व झालं, भाताची पेज झाली. सुवार्ता ओठ असे मिटून घ्यायची की कुलूप बरं. काल रात्री कृपाबाईंनी शेवटचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्यावाचून ही पोरगी न्हाई राहायची, दया. उगं मनाची समजूत काढू नको."

दयानं समजूत काढलीच नव्हती. तिला भीतीच इतकी होती की समजुतीला जागा नव्हती. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पुण्याच्या वसतिगृहात होती. तेव्हापासून तिचा भिंतींवरचा भरवसाच उडाला होता. पाळणा कुठल्या तुळईला टांगलाय हे ती अजून रोज बघे, भिंतीतल्या भेगेवर पेन्सिलीनं खूण करून ठेवी, आणि सुवार्ता शांत झोपली तर नाकाशी बोट धरून श्वास बघे. जमीन हलते हे जिला पुस्तकानं शिकवलं, तिला बाळंतपणानंतर झोप कशी लागावी?

आणि आज नमुना पाठ होता. इथेच श्रीरामपुरात नव्या कॉलेजात भूगोलाची एक जागा निघाली होती. दोघांना बोलावलं होतं: एक ती, आणि एक संगमनेरकडचे गृहस्थ. ही जागा गेली तर दुसरं कॉलेज थेट नगरला, आणि अंगावरचं मूल घेऊन रोज एस.टी.नं नगर गाठणं तिच्यानं होणार नव्हतं. म्हणजे आज जमलं तर जमलं. नाहीतर ती पदवी ट्रंकेत गोधड्यांच्या खाली जायची, आणि एकदा गोधड्यांखाली गेलेली वस्तू कोणत्या बाईनं परत वर काढली आहे?

शांतवननं, तिच्या नवऱ्यानं, तिच्यासाठी पुठ्ठ्यावर समुद्रतळाचं चित्र रंगवलं होतं. तो हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. मधोमध लाल उंचवटा, दोन्हीकडे निळा होत जाणारा तळ, आणि कडेला तो तळ खाली वळून जमिनीच्या पोटात शिरतोय, असं.

"हे बघ," दाढीचा साबण पुसत तो म्हणाला, "'मध्यसागरी पर्वतश्रेणी' वगैरे म्हणालीस तर कॉलेजचे चेअरमनसाहेब जांभई देतील. ऊसवाला माणूस तो. पोरंही सगळी उसाच्या घरची. वरंबा म्हण."

"वरंबा?"

"सरी-वरंबा. समुद्रात मैलोन्‌मैल लांब पसरलेला वरंबा. चटकन कळेल."

दयाला शब्द आवडला. एस.टी.च्या खिडकीतून तिनं वरंबे किती वेळा पाहिले होते, लांबच लांब, सरळ, ओळीनं मातीचे उंचवटे. पुठ्ठ्यावरच्या लाल उंचवट्यासारखेच दिसायचे. तिनं खडूनं पाटीवर लिहूनसुद्धा पाहिलं. छान दिसलं.

आता यात एक गंमत होती, पण ती त्या घरात कोणाच्या ध्यानात यायची नव्हती. भिंगारदिव्यांच्या घरात तीन पिढ्या शेत नव्हतं. दयाच्या माहेरीही नव्हतं. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचा छापखाना, कंपाउंडातली चिंच, आणि रविवारी चर्च. उसाच्या गावात राहून उसाशी त्यांचा संबंध काय, तर तो चावून चोथा थुंकण्यापुरता. वरंबा त्यांनी खिडकीतून पाहिला होता. होताना पाहिला नव्हता.

दयानं कालची भाकरी फडक्यात बांधून पिशवीत टाकली. पाठाच्या शेवटी दाखवायला. पण बांधता बांधता तिला वाटलं, चेअरमनसमोर शिळी भाकरी काढायची? लोक म्हणतील, मास्तरणीला खायची सोय नाही. तरी तिनं ती काढून ठेवली नाही. कंटाळा आला होता. परत गाठ सोडायचाही कंटाळा.

*

टांग्यातून तिघी गेल्या. शांतवनला शाळा होती. कॉलेज म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या आणि समोर एक कडुनिंब. कृपाबाई सुवार्ताला घेऊन निंबाच्या पारावर टेकल्या. आत जाण्याआधी दयानं पोरीला भिंतीकडे तोंड करून पाजून घेतलं, पण पोरगी दोन घोट घेई आणि मान वळवून निंबाच्या पानांकडे बघे. पोट भरलं नाही हे दयाला कळत होतं.

"जा तू. मी हाय ना," कृपाबाई म्हणाल्या.

"रडली तर?"

"रडली तर रडंल. दवाखान्यात काय कमी रडती लेकरं ऐकलीत म्या?"

वर्गात पन्नासेक मुलं आणि पुढच्या बाकावर चार मुली. मागच्या बाकावर कमिटी. प्राचार्य बारीक, चष्म्याचे, सारखे घड्याळाकडे बघणारे. त्यांच्या शेजारी चेअरमन काकासाहेब, पांढरी टोपी, पांढरं धोतर, मांडीवर पालथे पडलेले जाड हात. संगमनेरकडच्या गृहस्थांचा पाठ आधीच होऊन गेला होता आणि चांगला झाला असावा, कारण फळा अजून त्यांच्या वळणदार अक्षरांनी भरलेला होता. दयानं तो पुसला. हात दुखत होता. रात्रभर ज्या हातावर पोरगी होती, तोच खडूचा हात.

तिनं सुरुवात केली. समुद्राचा तळ सपाट नाही. तो एकसंधही नाही. पृथ्वीचं कवच तुकड्यातुकड्यांचं आहे आणि ते तुकडे सरकतात, बाळाची नखं वाढतात तितक्या सावकाश. आपला भारतसुद्धा अशाच एका तुकड्यावर बसून उत्तरेला चाललाय. हे सगळं फार जुनं ज्ञान नाही. ती शाळेत होती तेव्हा हे कोणी शिकवत नव्हतं. मुलं ऐकत होती. एका मुलीनं वहीत नखाचं चित्र काढलेलं दयाला दिसलं.

"आपल्या अरबी समुद्राच्या पलीकडच्या अंगाला," ती पुठ्ठा उचलून म्हणाली, "पाण्याखाली एक प्रचंड लांब वरंबा आहे."

मुलांनी माना डोलावल्या. वरंबा म्हटल्यावर वर्ग कसा घरी आल्यासारखा सैल झाला. दयालाही बरं वाटलं. शांतवनचं म्हणणं खरं होतं.

"या वरंब्याच्या माथ्यावर समुद्राचा तळ फाटतो," ती म्हणाली. "आणि तिथे नवा तळ तयार होतो."

माना डोलायच्या थांबल्या.

मागच्या बाकावरून खाकरल्याचा आवाज आला. काकासाहेबांनी मांडीवरचा एक हात उचलला होता. "बाई, जरा इचारू का? म्या काय शिकलेला न्हाई. पण वरंबा म्या जल्मभर केला हाय."

"विचारा ना."

"सरी पाडताना माती दोन्ही बाजूनं लोटली जाती. ह्या सरीतली अर्धी इकडनं, त्या सरीतली अर्धी तिकडनं. मधी साठती, तो वरंबा. व्हय का न्हाई रं?" त्यांनी वर्गाला विचारलं. वर्ग एका आवाजात "व्हय" म्हणाला. इतक्या जोरात कशालाही होकार मिळालेला नव्हता आज. "मंग जिथं माती दोन्हीकडनं लोटून आली, तिथं फाटंल कसं? तिथं तर दाटंल."

कोणीतरी मागून म्हणालं, "मॅडमच्या रानात फाटत आसंल." चार पोरं खिदळली.

दयानं हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. तिला एकदम लख्ख दिसलं, की खिडकीतून सारखे दिसणारे दोन उंचवटे एकमेकांच्या अगदी उलटे असू शकतात. एक लोटल्यानं झालेला. एक ताणल्यानं. आणि तिनं ताणलेल्याला लोटलेल्याचं नाव दिलं होतं.

"आसं म्हना ना," काकासाहेब मदतीला आल्यासारखे म्हणाले, "की समुद्राखाली बी दोन्हीकडनं दाब येतो, म्हनून मधी वर उचललं गेलं. झालं. बरूबर?"

प्राचार्यांनी चष्म्यावरून दयाकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता: हो म्हणा, बाई, आणि पुढे चला. चेअरमनांनी वाट काढून दिली होती. नुसती मान हलवायची होती. आणि ती इतकी थकली होती, की मान हलवणं हेच जगातलं सगळ्यात सोपं काम वाटत होतं.

तेवढ्यात बाहेर सुवार्ता रडायला लागली.

हे रडणं दयाला ओळखू येत होतं. आधी कुरकुर, मग थांबून घेतलेला श्वास, मग टाहो. पत्र्याच्या खोलीत तो टाहो दुप्पट होऊन आला. वर्गातल्या मुली खिडकीकडे बघायला लागल्या. आणि दयाची छाती दाटून आली. तिनं काही केलं नव्हतं, काही ठरवलं नव्हतं. पोरीनं तिकडे ओढ घेतली आणि इकडे पान्हा आला, बस. ब्लाउज ओला होतोय हे जाणवताच तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि पुठ्ठा छातीशी धरला.

पुठ्ठा छातीशी धरलेला असतानाच तिला ते सुचलं.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर नाही, साहेब. माझाच शब्द चुकला. तो वरंबा नाहीच."

प्राचार्यांनी घड्याळ पाहायचं सोडून छताकडे पाहिलं.

"तुमच्या गोठ्यात गाय असेल," दया काकासाहेबांना म्हणाली.

"चार हायत्या."

"गाय दूध देते ते आतून ढकलून देते का?"

"छ्या. वासरू लावाय लागतं. वासरानं वढलं की मंग ती पान्हा सोडती."

"तेच. समुद्राच्या तळाचे दोन तुकडे एकमेकांपासून लांब ओढले जातात. आधी ओढ. मधे फट पडते, आणि फट पडली म्हणून खालचा तापलेला रस वर येतो. तो ढकलून फाडत नाही. ओढलं म्हणून येतो. पान्ह्यासारखा. वर येऊन थिजतो, तोच नवा तळ. मग परत ओढ, परत फट."

बाहेर सुवार्ताचा टाहो चालूच होता. दयानं पुठ्ठा घट्ट धरला.

"आमची एक कपिला हाय," काकासाहेब सावकाश म्हणाले, "ती नुसतं खायाचं आंबोन दिसलं तरी पान्हा सोडती. वासरू नगं न् काय नगं."

वर्ग हसला. दयालाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायच्या आत दमून गेलं. "कपिलेबद्दल मी काही सांगू शकत नाही, साहेब. पण मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही तुमच्यासारखंच चाललंय. ओढ किती आणि ढकल किती, यावर भांडतायत अजून."

"बरं, वढलं म्हंता. मंग ताणल्याली जागा खोल जाईल. ती उंच कशी?"

"गरम आहे म्हणून. फुगलीय. तव्यावरची भाकरी फुगते ती कोणी दोन्हीकडून दाबतं म्हणून का? जसा तळ लांब जातो, तसा निवतो, आणि निवला की खाली बसतो. आणि ओढला जाताना माथ्याजवळ तो सरळ नाही फाटत. कडेच्या पट्ट्या खचतात. एकीखाली एक..."

तिला उपमा सुचेना. हात हवेत पायऱ्या काढत राहिला.

"काळ्या रानात नवी इहीर खांदली," काकासाहेब पुढे वाकून म्हणाले, "की काठ आसे टप्प्याटप्प्यानं खाली बसत्यात. लांब लांब चिरा पडत्यात काठाला धरून, न् येक येक टप्पा खाली. तसं?"

"तसंच," दया म्हणाली. "अगदी तसंच. आणि ते टप्पे मिटत नाहीत. तळ सरकत जातो तसे तेही बरोबर जातात, हजारो मैल. जन्माच्या वेळी पडलेले वळ. वरून गाळ बसतो, पण खाली ते असतातच."

हे बोलताना तिला स्वतःच्या पोटावरचे वळ आठवले. ते मात्र ती कोणाला सांगणार नव्हती. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं मान खाली घालून वहीत लिहिलं.

मग तिनं पिशवीतून फडकं काढलं. आता लाजायचं तरी काय उरलं होतं? तिनं गाठ सोडली, भाकरी दोन बोटांवर धरली, आणि सगळ्यांना दिसेल अशी वाकवली.

"हा म्हातारा तळ. थंड, जाड, ताठ. शेवटी तो दुसऱ्या तुकड्याखाली बुडायला लागतो. बुडण्याआधी वाकतो. आणि वाकताना..."

भाकरी उलली. बारीकसा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला.

"म्हणजे जन्मताना ताणून फाटतो, आणि मरताना वाकून उलतो," पुढच्या बाकावरची मुलगी पुटपुटली.

"मधे काही नाही?" दुसरीनं विचारलं.

"मधे नुसतं चालणं," दया म्हणाली. वेळ झाल्याची घंटा वाजली.

*

बाहेर पाराच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे तोंड करून, ती पोरीला घेऊन बसली. सुवार्ता हुंदके देत देत पीत होती. कृपाबाई पदरानं वारा घालत होत्या.

"काय झालं आत?"

"मी चेअरमनना नाही म्हणाले. भर वर्गात."

कृपाबाईंचा हात थांबला. मग परत हलायला लागला. "आता म्हनलीस तर म्हनलीस. जेवून घेऊ घरी जाऊन."

दयाला वाईटही वाटेना. वाईट वाटायलाही जरा अंगात बळ लागतं. डोळे मिटून तिनं भिंतीला टेकू दिला, मग लगेच उघडून भिंत बघितली. नवीच भिंत. एक भेग होती, पण गिलाव्यातलीच.

मागून चपलांचा आवाज आला आणि बेताच्या अंतरावर थांबला. काकासाहेब होते. त्यांनी निंबाकडे तोंड फिरवून घेतलं आणि झाडाशीच बोलावं तसं म्हणाले, "मघा रडत हुतं ते लेकरू हेच का?"

"हो." दयानं पदर सावरला. हेच कारण सांगतील, तिला वाटलं. लहान लेकराची आई, कशी जमणार नोकरी. सांगतील आणि ते खोटंही नसेल.

"पाठ सुरू असताना रडत हुतं, न् तुमी जाग्यावरनं हलला न्हाईत."

ती शाबासकी होती की ठपका, तिला कळेना.

"आमचं कालेज सकाळचं हाय. मधली सुट्टी असती. प्राचार्य म्हंत्यात, ती लेकराला पाजाय पुरायची न्हाई. ते दुसरे गुरुजी येकटे हायत, त्यांना काय लागत न्हाई." ते थांबले. "म्या म्हनलं, बाईंनाच इचारू. पुरंल का?"

दयानं सासूकडे पाहिलं. कृपाबाईंनी नातीकडे पाहिलं. काल रात्रीचं वाक्य दोघींच्या मधे येऊन बसलं: तुझ्यावाचून ही पोरगी न्हाई राहायची. हो म्हणायचं तर कशाच्या जोरावर? मघाशी वर्गात खोटं बोलली नाही, आता बोलायचं?

"मला माहीत नाही, साहेब," ती म्हणाली. "ही वरचं काही खातच नाही."

पोट अर्धंमुर्धं भरलेली सुवार्ता आता पदराखालून बाहेर आली होती. पिशवी पारावर उघडी पडली होती, फडकंही. कोणाचं लक्ष नसताना तिनं हात लांबवला आणि उललेल्या भाकरीचा एक तुकडा मुठीत धरला. कडक, काठाचा. तो तिनं तोंडात घातला आणि खालच्या दोन नव्या दातांनी कराकरा घासायला सुरुवात केली.

"अगं, घशात जाईल!" दया झेपावली.

"थांब!" कृपाबाईंनी तिचा हात धरला. "कडक हाय. तुटायचा न्हाई. चोखू दे. म्या बघते की."

दोघीही बघत राहिल्या. सुवार्ता तुकडा चोखत होती, मधूनच काढून त्याच्याकडे रागानं बघत होती, आणि परत तोंडात घालत होती. लाळेनं हनुवटी ओली, त्यात भाकरीचं पीठ. तोंडाचं कुलूप शिळ्या भाकरीनं उघडलं होतं.

"नाचनीचं सत्त्व नगं म्हने," कृपाबाई म्हणाल्या. "बादशाही खानं हुतं ते. ही कोरडी भाकरी चालती व्हय गं, सटवे?" आणि डोळ्यांना पदर लावला.

काकासाहेब अजून निंबाकडेच बघत होते. "मंग पुरंल म्हनू का प्राचार्यांना?"

"पुरेल," दया म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"येक ध्यानात ठिवा. वरंबा म्हनू नगा परत. पोरं घरी जाऊन सांगत्याल, न् लोक हासत्याल मला, की ह्याच्या कालेजात वरंब्याला भेग पडती." ते चार पावलं गेले आणि वळले. "कपिलेचं बी सांगू नगा कुनाला."

टांग्यात सुवार्ता तुकडा मुठीत धरूनच झोपली. दयानं सवयीनं तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. मग तिनं मुठीतला तुकडा काढायला बघितला, पण ती मूठ सुटेना. पोरगी झोपेतही तिच्याकडे वळली नाही, तुकड्याकडेच वळून राहिली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"आता तर झालं ना मनासारखं?" कृपाबाईंनी विचारलं. "मंग तोंड आसं का?"

"काही नाही, आई," दया म्हणाली. "दमलेय."